ऑफिसात आलेलं जत्रेचं खाजं

आमच्या ऑफिसातल्या वकिलांना दरवर्षी काही तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. परवाना टिकवायचा तर ते चुकत नाही. कितीही वर्षं वकिली केलेली असो, एका दुपारी सगळे मीटिंग रूममध्ये येऊन बसतात, बाहेरून आलेल्या माणसाचं ऐकतात आणि हजेरीच्या कागदावर सही करतात. त्या वर्षीचा विषय होता व्यावसायिक नीती आणि पूर्वग्रह. मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या ऑफिसात इंटर्न होते. प्रोजेक्टर लावणं, पाण्याच्या बाटल्या मांडणं, सह्या घेणं ही माझी कामं. ऐकायचं असेल तर मागे भिंतीला लागून बस, असं मला सांगितलं होतं.

मला ऐकायचं होतंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील शारजात गॅरेजमध्ये काम करतात, आई दहावीपर्यंत शिकली. मला सतत वाटायचं की बाकीच्यांना जे जन्मतःच माहीत असतं ते मला कुणीतरी सांगायला हवं. त्यामुळे पिकल्या केसांच्या वकिलांनाही अजून शिकवतात हे कळल्यावर मला फार धीर आला होता.

पण त्या दुपारी माझं अर्धं लक्ष कोपऱ्यातल्या कपाटाकडे होतं. कपाटात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत मालवणी खाजं होतं. ते ठेवायचं की परत करायचं, याचा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत व्हायला हवा होता, कारण ते आणणारे काका शुक्रवारी येणार होते.

काका सिंधुदुर्गातले. डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर बांधण्याचं काम करतात. त्यांनी रीतसर नोकरी बदलली तेव्हा जुन्या कंपनीने, हा माणूस कामावरून पळून गेला, अशी खोटी तक्रार दिली होती. आमचं ऑफिस वर्षाकाठी काही कामं फी न घेता करतं, त्यात त्यांचं काम आलं. त्यांचं हिंदी अडखळायचं, म्हणून मला मध्ये बसवलं. मी शारजात वाढलेली, आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. त्यांची मालवणी मला कळायची, पण बोलता यायची नाही. ते मालवणीत बोलायचे, मी माझ्या मराठीत, आणि वकिलांशी इंग्रजीत. तक्रार रद्द झाली. जुन्या कंपनीला हरकत घ्यायला थोडे दिवस उरले होते, पण काकांच्या दृष्टीने काम खलास झालं होतं.

म्हणून सोमवारी ते खाजं घेऊन आले. त्यांच्या खोलीतला एक जण सुट्टीवरून परतला होता, त्याने गावच्या जत्रेतून आणलेलं. बेसनाच्या जाड कांड्या, आलं घातलेल्या गुळात घोळवलेल्या. रिसेप्शनवर आमच्या ऑफिस मॅनेजर बाई होत्या. त्या गोव्याच्या. पिशवीचं तोंड उघडताच आल्याचा वास आला आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी पिशवी बोटांनी काकांकडे सरकवली.

"सॉरी अंकल. नहीं ले सकते. ऑफिस का रूल है."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतत गो?"

"काका, क्लायंटकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे."

"मी काय लाच देतंय? दहा दिरहमाचा पण नाय. आपले सव्वादोनशे रुपये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जत्रेचा खाजा परत नेत नाय गो बाय. घरात कोण येऊन 'नको' म्हणाला, असा होता ता."

बाई म्हणाल्या, "इसको समझाओ, मैं सबको यही बोलती हूँ."

मी समजावायला लागले, पण काकांनी पिशवी काउंटरवरच ठेवली. "शुक्रवारी माका सुट्टी. तेव्हा येतंय. साहेबांका नको तर साहेबांनीच माका सांगू दे." आणि ते लिफ्टकडे गेले. डोंगर ओलांडून बस, मग दुसरी बस, मग मेट्रो, एवढं करून आलेला माणूस पाणीही न पिता गेला.

आमचे मुख्य वकील, ज्यांना सगळे सर म्हणतात, दिल्लीचे. त्यांना मी दारात उभी राहून सांगितलं. ते हसले. "गुरुवार को एथिक्स की ट्रेनिंग है ना? वहीं पूछ लेंगे. तब तक अलमारी में रख दो." त्यांनी ते गमतीत म्हटलं की खरंच, हे मला कळलं नाही. मी पिशवी कपाटात ठेवली.

गुरुवारी शिकवायला आलेल्या बाई लेबनॉनच्या होत्या. आवाज बारीक, पण खोलीतले फोन हळूहळू खिशात गेले ते त्यांच्यामुळेच. आधी हितसंबंधांच्या संघर्षाबद्दल झालं, मग गुपितं कशी राखायची. मग भेटवस्तू. क्लायंटने काही पाठवलं तर तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं.

माझ्याहून थोडाच मोठा असलेला एक वकील लगेच म्हणाला, "आम्ही याबाबत फार कडक आहोत. परवाच एक वर्कर मिठाई घेऊन आला होता, तीसुद्धा आम्ही घेतली नाही." असं म्हणून त्याने टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या सोनेरी तबकातला एक खजूर उचलला आणि तोंडात टाकला.

ते तबक एका कंपनीकडून आलं होतं. नव्या वर्षाच्या शुभेच्छा. त्या कंपनीचं करारांचं काम आमच्याकडे चालू होतं, त्याच्या प्रती मीच काढायचे. खजुरांत बदाम भरलेले होते आणि सकाळपासून सगळेच येता-जाता घेत होते. मीही एक खाल्ला होता.

माझा हात वर गेला, पण पुरता नाही, कानापर्यंतच. बाईंच्या ते लक्षात आलं. "हो, मागे बसलीस ती, बोल."

इंग्रजी मला येतं, पण त्या खोलीत ते अचानक परकं झालं. मी एवढंच म्हणू शकले, "हे खजूरसुद्धा क्लायंटकडूनच आलेत."

त्या तरुण वकिलाला तोंडातला खजूर धड चावता येईना, धड काढता येईना. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळे हसले, तोही.

सर म्हणाले, "ते वेगळं आहे. त्या कॉर्पोरेट शुभेच्छा. सगळे सगळ्यांना पाठवतात."

बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या दाराशी बसलेल्या आमच्या मॅनेजर बाईंकडे वळल्या. "तुम्ही आजवर कुणाकुणाच्या भेटी परत केल्यात, आठवतं?"

मॅनेजर बाई आठवू लागल्या. एका नर्सने केक आणला होता. एका ड्रायव्हरने अत्तराची बाटली. एका स्वयंपाक्याने घरी केलेलं लोणचं. आणि परवाचे अंकल.

"आणि हे असलं तबक?"

"हे कुरिअरने येतं, नाहीतर कंपनीचा ड्रायव्हर आणतो. काउंटरवर ठेवतो, सही घेतो, जातो. त्याला नाही म्हणून काय उपयोग? त्याने थोडंच पाठवलंय?" बोलता बोलता त्या थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "म्हणजे जो स्वतः येतो, त्यालाच मी परत पाठवते."

त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. त्या सगळ्यांना सारखंच वागवतात असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि काउंटरवर उभ्या राहणाऱ्यांपुरतं ते खरंही होतं.

मला वाटलं, झालं, आता खाजं ठेवून घेतील. पण आमच्याकडच्या एक ज्येष्ठ वकील, केरळच्या, त्यांनी मान हलवली. "मी तरी ती मिठाई घेतली नसती. माझ्या आजोबांच्या गावात कोर्टातल्या कारकुनाकडे कोंबडी नेल्याशिवाय तारीख मिळायची नाही. कुणी सक्ती करत नसे. एकाने नेली म्हणून दुसरा नेई. आज हा माणूस मिठाई आणतो. त्याचा सोबती उद्या काय आणेल? आणि ज्याच्याकडे आणायला काही नाही तो येईलच का?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी काकांच्या बाजूने इतकी विचार करत होते की न आलेल्या माणसाचा विचार राहूनच गेला होता. त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून गोंधळायलाही झालं. पिशवी तर कपाटातच होती.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमचा नियम चांगला आहे. तो फक्त चालत येणाऱ्यांनाच लागतो, गाडीतून येणाऱ्यांना नाही, एवढंच पाहा. पूर्वग्रह म्हणजे दरवेळी कुणाबद्दल वाईट मत असतं असं नाही. कधी कधी नियम कुठल्या दाराशी लावतो, यातच तो असतो."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ठीक आहे. काम चालू असेपर्यंत कुणाकडूनही काही नाही. काम संपल्यावर खाण्याची वस्तू आली तर ती पँट्रीत, सगळ्यांसाठी, आणि आभाराचं पत्र." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुझ्या काकांचं काम संपलंय ना?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. 'हो' म्हटलं असतं तर कुणी फाईल उघडून पाहिली नसती. मी म्हणाले, "नाही सर. हरकतीची मुदत अजून आठवडाभर आहे."

"मग दोन्ही परत," सर म्हणाले. "मिठाई आणि हे तबक."

तरुण वकिलाने विचारलं, "आणि खाल्लेले?"

"त्यांची कबुली पत्रात लिही. तूच लिही."

सगळे पुन्हा हसले. मला मात्र हसू येईना. मी बोलले होते ते खाजं ठेवून घ्यावं म्हणून, आणि माझ्याच उत्तराने ते परत चाललं होतं. सह्या घेताना मी सरांजवळ थांबले आणि सांगितलं की साहेबांनी स्वतः सांगावं असं काका म्हणाले होते. सरांनी फोनमध्ये पाहिलं. शुक्रवारी सकाळी त्यांची एक मोठी मीटिंग होती. "यल्ला, चला, येऊ दे," ते म्हणाले. "मी बाहेर येईन."

घरी मी हे सांगितलं तेव्हा वडील ताट पुढे ओढत म्हणाले, "खजुरावरनं बोललीस? सगळ्यांसमोर? इंटर्नशिपचं सर्टिफिकेट देतील ना नीट?" थोडं जेवून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "तो माणूस एवढ्या लांबनं परत येणार. त्याला चहा तरी विचार."

शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. चहा मी विचारायच्या आधी मॅनेजर बाईंनीच आणून ठेवला. सर खरंच बाहेर आले आणि काकांच्या शेजारी सोफ्यावर बसले. हिंदीत सावकाश बोलले, अडलं तिथे मी मराठीत सांगितलं. काम अजून पुरतं संपलेलं नाही, तोवर कुणाचंच काही घ्यायचं नाही असं ठरलंय. पिशवी त्यांनी स्वतःच्या हाताने काकांना दिली.

काकांनी पिशवी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा इथे पाय ठेवणार नाही.

मग त्यांची नजर काउंटरकडे गेली. सोनेरी तबक कागदात गुंडाळून, वर पाकीट चिकटवून तिथे ठेवलेलं होतं. "ता कोणाचा?"

"एका मोठ्या कंपनीचं," मी म्हणाले. "तेही परत चाललंय."

काकांनी सरांना विचारलं, "उनको गुस्सा आयेगा साब?"

"आएगा शायद," सर म्हणाले. "आने दो."

काकांनी मांडीवर थाप मारली. "मग माका कसलो राग? तेंचा जाता, माझा जाता." त्यांनी चहा बशीत ओतून संपवला आणि उठले. "काम खलास झाल्यावर हाडलंय तर खाशात?"

काम संपल्यावर पुन्हा आणलं तर खाल का, हे मी हिंदीत विचारल्यावर सर म्हणाले, "सबसे पहले मैं."

"इन्शाल्ला," काका म्हणाले, आणि सर मोठ्याने हसले.

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. पिशवीतून एक कांडी काढून माझ्या हातावर ठेवणार, तोच ते थांबले. "तुका पण चलात नाय, ना?"

"नाही चालत, काका."

"बरा." त्यांनी कांडी स्वतःच्या तोंडात टाकली. चावत चावत म्हणाले, "आमच्या खोलीत एक जण आसा. तेच्यावर पण अशीच तक्रार आसा. म्हटलंय, जा थंय, ता चेडू आसा, मराठीत बोलता. तर म्हणता, वकिलाकडे रिकाम्या हातान कसो जाव?" चेडू, म्हणजे मुलगी, म्हणजे मी. लिफ्ट आली. आत शिरून त्यांनी दार हाताने धरलं. "आता सांगतंय तेका. तसोच जा म्हणान."

पुढच्या शुक्रवारी खोर फक्कानहून एक तरुण मुलगा आला. काउंटरपासून दूर उभा राहून त्याने दोन्ही हात खिशात घातले, पुन्हा काढले. मॅनेजर बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि मला हाक मारली.