कागदावर योआन्ना, घरात आशा

जामखेडजवळच्या एका वाडीत कडूबाई बारा वर्षं आशा सेविका आहे. सगळं गाव तिला आशाताईच म्हणतं, आणि तिला ते बरंच वाटतं. तिच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आईनं तिचं नाव कडू ठेवलं. शाळेत हजेरी सुरू झाली की पोरं तोंडं वाकडी करायची.

गेल्या हिवाळ्यात पोलंडहून एक तरुणी बाळांच्या वजनाचा अभ्यास करायला आली. पुण्यात राहून मोडकंतोडकं मराठी शिकलेली. हात जोडून म्हणाली, "मी आशा."

"अगं बया! तुमच्याकडं बी आशा सेविका असत्यात व्हय?"

ती खळखळून हसली. "कागदावर मी योआन्ना. जुनं हिब्रू नाव, अर्थ देवाची कृपा. लाडानं योआशा, त्याचं अजून छोटं आशा. तुमचं नाव?"

"कडू. कारल्यावानी."

"आणि लाडानं?"

"कडूला कसला आलाय लाड!"

"आमच्याकडे असता, तर कडुशा झाला असतात."

कडूबाईला एवढं हसू आलं, की हातातला वजनकाटा खाली ठेवावा लागला.

तिथून दोघी ज्योतीच्या घरी गेल्या. दोन बाळं गमावल्यावर तिला मुलगी झाली होती. ज्योतीला तिचं नाव 'संस्कृती' हवं होतं. पण सासू बनुबाई हटून बसलेली. "धोंडीच ठेवायचं. धोंड्याला नजर लागत न्हाई."

एरवी कडूबाई असल्या गोष्टीत पडत नसे. आज मात्र ती बनुबाईशेजारी बसली. "मावशी, हिच्या मुलखात कागदावर एक नाव अन् घरात एक. तुमी खुशाल धोंडी म्हना, पर दाखल्यावर संस्कृती घाला. शाळेत पोरं काय करत्यात, ते मला इचारा. मी सोसलंय."

ज्योतीनं मान वर केली. बनुबाईनं पाहुणीला विचारलं, "खरं का गं?"

"खरं. माझी आजी कागद बघतच नाही. आशाच म्हणते."

"शहाणी हाय तुझी आजी," म्हणत बनुबाईनं नातीला मांडीवर घेतलं.

रविवारी बारसं झालं. आत्यानं बाळाच्या कानात 'संस्कृती' सांगितलं. लगेच बनुबाई दुसऱ्या कानाशी वाकली आणि 'धोंडी' सांगून मोकळी झाली. बाळ झोपेतच होतं. ज्योती हसली आणि घुगऱ्या वाटायला उठली.