झेंडूच्या माळा

झेंडूचा वास आला की बडोद्यातल्या हॉस्पिटलची ती थंडगार सर्व्हर-रूम आठवते. दसऱ्याच्या सकाळी आमच्या साहेबांनी, "आता हीच आपली शस्त्रं," म्हणत दोन्ही सर्व्हरना पुढून जाडजूड माळा घातल्या. दुपारी सगळं रखडायला लागलं. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसलो आणि पहिला सर्व्हर तापून बंद पडला. त्यावर चालणारी व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे हॉस्पिटलची सगळी कामं, आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर गेली. "चला, वाचलो!" साहेब म्हणाले, पण दुप्पट ओझ्यानं तोही तापून बसला. हवा आत जायची वाट माळांनीच अडवली होती. माळा काढून सर्व्हर चालू केले, पण सकाळपासूनचे रक्ततपासणीचे रिपोर्ट गेले ते गेलेच. लॅबच्या खिडकीशी एक आजोबा बायकोचा रिपोर्ट घ्यायला आले होते, ते विचारत होते, "अरे भाई, परत रक्त काढणार? तिच्यात आता राहिलंय काय?" साहेबांनी हातातली माळ पाठीमागे लपवली. आता मी दसऱ्याला सर्व्हरला फक्त कुंकवाचं बोट लावतो, झेंडू आणत नाही. वास मात्र येतोच.