शहाण्या मुलाचा खलनायक

माझ्या धाकट्याला राग येत नाही, याची मला काळजी वाटते. लोक म्हणतील, बाईला दुसरा उद्योग उरला नाही. पण चौतीस वर्षांत त्यानं एकदाही ताट सरकवलं नाही की दार आपटलं नाही.

तो चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासतो. काच केसभर मोठी राहिली तर पुन्हा यंत्रावर धरतो, पुन्हा फ्रेममध्ये बसवून बघतो. गिऱ्हाईक तणतणत आलं की मालक त्यालाच पुढे करतात. तो ऐकून घेतो, दांडी जराशी वाकवून देतो आणि माणूस हसत परत जातो.

अशा मुलाला हौशी नाटकमंडळींनी खलनायक दिला. जुनी शोकांतिका आहे. राजाचा कारभारी खोटी पत्रं लिहितो आणि राजाच्याच हातून त्याच्या सख्ख्या भावाचा जीव घेववतो. का, ते नाटकात कुठंच सांगितलेलं नाही. म्हणून मंडळींची रीत अशी, की प्रत्येकानं आपल्या पात्राचं लहानपण वहीत लिहायचं आणि तालमीत सगळ्यांसमोर वाचायचं.

गेल्या रविवारी मी वाटाणे सोलत होते. त्यानं मला वही वाचून दाखवली.

"याला भूक लागली तरी हा म्हणायचा, आधी दादाला द्या. मग सगळे म्हणायचे, किती शहाणा! शहाण्याला मागता येत नाही. तो नुसता बघायला शिकला, कुणाचं काय दुखतं ते."

माझा हात थांबला. "हे माझ्यावर लिहिलंस?"

"तुझ्यावर? आई, तो राजवाड्यात वाढलाय. आपल्याकडे एक न्हाणीघर आणि बाहेर चौघांची रांग!"

"विषय बदलू नकोस."

"बरं, थोडं घरातलं उचललं. मूळ हाताशी होतं ना. पण झाड त्याचं आहे."

"आणि तुझ्या मनातलं?"

"माझं रोज तालमीत निघून जातं. राजाच्या भावाला संपवून आलो की भूक काय सपाटून लागते!" असं म्हणत त्यानं माझे सोललेले अर्धे वाटाणे फस्त केले. चेहरा खरंच खुशीत होता. मलाही हसू आलं.

आणि आज माझ्या थोरल्या मुलानं कळवलं, प्रयोगाच्या आठवड्यात तो बायकोमुलांसह येतोय. धाकटा आरशासमोर उभा राहून पाठांतर करत होता. घरातला तेवढाच एक मोठा आरसा, तो त्याच्या खोलीत. मी सवयीनं बोलून गेले, "तू शहाणा ना, खोली दादाला दे, आठवडाभर बाहेरच्या खोलीत झोप."

"झोपतो की," तो म्हणाला, आणि वही मिटली.

मी जीभ चावली. तुला चालेल का, एवढं विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

सकाळी थोरल्याला फोन करणार आहे. बाहेरच्या खोलीत गाद्या घालते म्हणावं, तुम्ही तिथं झोपा. तो कुरकुरेल. कुरकुरू दे, त्याला ते लहानपणापासून छान जमतं.