धुण्याच्या दगडाला केलेला नवस

मी देव मानत नाही, आणि आमची माय ही गोष्ट मानत नाही.

आमच्या बीबी गावात मी 'नास्तिक मास्तर' म्हणून ओळखला जातो. वर्गात लिंबू-मिरचीवर तासभर बोलतो. (घरी तीच लिंबं सरबतात पिळतो. हे माझं समाजकार्य!) म्हणूनच धाकट्या भावानं, प्रमोदनं, आपल्या पहिल्या पिक्चरमध्ये मला घेतलं. पिक्चर घरचाच. मागे कंपनी नाही, नावाजलेले नट नाहीत. चार दोस्त आणि भाड्याचा कॅमेरा. गोष्ट अशी, की एका बापाचा मुलगा आजारपणात जातो, बापाची श्रद्धा उडते आणि तो शेतातला देव उचलून विहिरीत फेकतो. बाप मी.

"तुले ॲक्टिंग कराची गरजच नाही, दादा," प्रमोद म्हणाला. मला ते कौतुक वाटलं!

आता देव कुठून आणायचा? माझी बायको मंगल ज्यावर कपडे आपटते, तो दगड आम्ही शेतात नेला, कडुनिंबाखाली मांडला आणि शेंदूर फासला.

"अन् मी धुणं कशावर धुऊ?" मंगलनं विचारलं.

"दोन-चार दिवस दम धर."

इथंच आम्ही फसलो. आमच्याकडे दगडाला शेंदूर लावून त्याला उघड्यावर सोडायचं म्हणजे काय? दुसऱ्याच दिवशी त्याच्यापुढे फुलं. मग उदबत्त्या. मग येणारे-जाणारे मोटरसायकल थांबवून हात जोडायला लागले. प्रमोद खूश! "सेट एकदम खरा वाटून राह्यला!"

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळच्या गाडीनं कॅमेरा परत जाणार होता आणि देव फेकायचा सीन तेवढा बाकी होता. तो नाही तर पिक्चरला शेवट नाही, आणि या पिक्चरपायी प्रमोदनं चांगली नोकरी सोडलेली. आम्ही शेतात पोचलो, तर माय दगडाला पाठ टेकून बसलेली!

"माय, ऊठ. ऊन चाललं."

"नाही उठत. देवाले विहिरीत फेकता? लाज नाही वाटत?"

"अवं, हा मंगलचा धुण्याचा दगड हाये!"

"होता. आता देव हाये. मी त्याले नवस बोलली."

"कायचा नवस?"

"पम्याचा पिक्चर पुरा होऊ दे म्हणून!"

प्रमोदनं कपाळावर हात मारला. पिक्चर पुरा व्हायला देव फेकायला हवा, आणि पिक्चर पुरा व्हावा म्हणून देव फेकायचा नाही! मी वैज्ञानिक दृष्टिकोन समजावायला पुढे झालो.

"तू चूप बस," माय म्हणाली. "परीक्षेच्या येळी अंगारा मागून कोण खात होता बे?"

(सगळ्यांसमोर! कॅमेरावाला तर तोंड फिरवून हसत होता.)

ऊन उतरायला लागलं. प्रमोद बांधावर जाऊन डोकं धरून बसला. त्याचं ते तोंड पाहून मायचा जीव कळवळला.

"काऊन रे, उत्तरपूजा केली का तुम्ही?"

"ते काऊन?"

"गणपती उठवाच्या आंधी करतो ना आपण? अक्षता टाकाच्या, जरासं हलवाचं. देव निघून जाते, दगड राह्यते. मंग फेका खुशाल!"

उत्तरपूजा कोण करणार? मोठा मुलगा! डोक्यावर टॉवेल, हातात अक्षता, असा नास्तिक मास्तर मातीत मांडी घालून बसला. देव गेल्याचं मायनं जाहीर केलं.

"ॲक्शन!"

मी दगड छातीशी उचलला. वाक्य पाठ होतं: 'तू दगडच होतास!' पण नुकतीच पूजा झालेली, समोर पाणी, दोन्ही हातांत जड देव. दगड सोडला आणि तोंडातून खणखणीत निघालं, "गणपती बाप्पाऽऽ मोरया!"

"पुढच्या वर्षी लवकर या!" कॅमेऱ्यामागून अख्खी टोळी ओरडली. प्रमोदसकट!

डुबुक्! दगड एकच होता.

भावाचा पिक्चर मी बुडवला होता, अक्षरशः विहिरीत. प्रमोद कॅमेऱ्यात डोकं घालून तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाहत होता. मग एकदम हसत उठला.

"दादा, आवाज काढून टाकतो! चेहरा पाह्य ना तुहा. ओठ थरथरून राह्यले, डोये भरले. काम झालं!"

(डोळे भरले होते, कारण दगड उचलताना कमरेत उसण भरली होती.) पण माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला कडकडून मिठी मारली. मायनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवीतून नारळ काढला.

"आता नवस फेड."

"तू बोलली ना? तू फेड!"

"मी तुह्याच नावानं बोलली."

सगळे सामान आवरत होते. मी आजूबाजूला पाहिलं, चपला काढल्या, विहिरीच्या काठावर नारळ फोडला आणि डोळे मिटून पुटपुटलो, "लय उपकार झाले, देवा!"

गेल्या महिन्यात देऊळगाव राजाच्या एका हॉलमध्ये पिक्चर दाखवला. माझ्या वर्गातली पोरंही आली होती. देव फेकला तेव्हा लोक हुंदके देत होते. मी कॉलर ताठ करून बसलो होतो. मग शेवटची नावं सुरू झाली आणि नावांच्या मागे पडदाभर मी! अनवाणी, नारळासकट, आवाजासकट! त्या दिवशी सगळं सामान आवरलं होतं, फक्त कॅमेरा आवरायचा राहिला होता.

आता मी अंधश्रद्धेचा धडा काढला, की अख्खा वर्ग नम्रपणे विचारतो, "सर, चपला काढू का?"