लातूर यायच्या आत

नांदेडहून लातूरची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दोन वर्षांच्या गुणपत्रिकांची फाइल होती आणि शेजारी पप्पा. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला मी तिसऱ्यांदा बसावं म्हणून ते मला पुन्हा त्याच क्लासमध्ये घेऊन निघाले होते. मला मेडिकल नको होतं, फिजिक्स शिकायचं होतं. हे त्यांना लातूर यायच्या आत सांगायचं, एवढंच मी ठरवलं होतं. लोहा गाव मागं पडलं तरी माझं तोंड काही उघडलं नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते लातूरच्याच कॉट बेसिसच्या खोलीत. क्लासमध्ये सर म्हणायचे, सूत्र लावा, पर्याय निवडा, पुढं चला. कुणी ‘का’ विचारलं की मागच्या बाकांवरून हसू यायचं. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती असतो, मग तो केंद्रकावर जाऊन पडत का नाही? एवढाच माझा प्रश्न. तो मी मोबाइलवर टाकला आणि तेव्हापासून मला एका जागी स्वस्थ बसवेना.

फुकटात एवढं शिकायला मिळतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कुठल्या कुठल्या देशांतले प्राध्यापक व्हिडिओंत फळ्यावर भरभरून लिहीत होते, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत. जाडजूड पुस्तकं कुणीही उतरवून घ्यावीत म्हणून मोकळी ठेवलेली. संशोधकांनी छापून यायच्या आधीच टाकलेले लेख. मी नुसती हावरटासारखी गोळा करत सुटले. एक पान उघडलं की त्यातून चार उघडायची, आणि धड एकही संपवायची नाही. फोन भरला तेव्हा चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो पुसून टाकले आणि क्वांटमची पुस्तकं ठेवली. ठळक अक्षरांत ‘फ्री’ लिहून पुढच्या पानावर कार्डाचा नंबर मागणाऱ्यांना मी मनातल्या मनात लाखोली वाहिली आहे.

इंग्रजी झेपेना तेव्हा हिंदीकडं वळले. एका व्याख्यानात सारखं ‘आवृत्ति, आवृत्ति’ चाललं होतं, म्हणून मी मराठीत ‘प्रकाशाची आवृत्ती’ असं शोधलं. समोर पुस्तकांची यादी आली. दुसरी आवृत्ती, सुधारित आवृत्ती. आपल्याकडं त्याला, म्हणजे फ्रिक्वेन्सीला, वारंवारता म्हणतात, हे शाळेत शिकलेलं मी साफ विसरले होते. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझा इलेक्ट्रॉनचा प्रश्न एका चर्चेच्या पानावर विचारला. कुणीतरी उत्तर दिलं, आधी तू स्वतः काय करून पाहिलंस ते सांग. मला भयंकर राग आला. तरीही दुसऱ्या दिवशी मी माझं अर्धवट गणित तिथं टाकलंच.

अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली. मी कानात इअरफोन घालून हिंदीतला एक तास लावला होता. ऐकत काहीच नव्हते, पाय तेवढा सारखा हलत होता. पप्पांनी एक इअरफोन काढून आपल्या कानात घातला.

“ह्यो कुणाच्या आवेशाचं बोलायलाय?”

“विद्युतप्रभाराचं, पप्पा. हिंदीत त्याला आवेश म्हणतात.”

“परीक्षेला हाय का हे?”

तेव्हाच सांगून मोकळी व्हायला हवं होतं. “हो,” मी म्हणाले. त्यांनी मान डोलवली आणि चाकूरपर्यंत इमानेइतबारे ऐकत राहिले. मला मात्र खिडकीतून उडी टाकावीशी वाटत होती.

लातूरला क्लासच्या काउंटरवर बाईंनी विचारलं, “रिपीटर ना? कोणता विषय कच्चा आहे?”

“फिजिक्स,” पप्पाच बोलले. “पण लई मेहनत करती मॅडम. दिवसभर त्येच ऐकत असती. बसमध्येबी ऐकली.”

मला एकदम रडूच फुटलं. “कच्चा नाही, पप्पा. मला तेवढंच शिकायचंय. डॉक्टर नाही व्हायचं मला.”

पप्पांनी फॉर्म भरायला काढलेल्या पेनाला टोपण लावलं आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी बोलणी खायच्या तयारीनं समोर उभी राहिले.

“गावाकडं अर्धापूरला समद्यांना सांगून बसलोय मी, पोरगी डॉक्टर होनार म्हणून,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. मग त्यांनी आईला फोन लावला.

“न्हाई घेतला प्रवेश. तिला फिजिक्स शिकायचंय म्हणं. आता मला काय म्हाईत त्यात काय असतंय? थांब, तिलाच विचार.”

फोन माझ्या हातात आला. “काय असतंय गं ते?” आई म्हणाली. “मला कळंल असं सांग.”

पप्पा पायरीवरून माझ्याकडं बघत होते. त्यांनाही ते ऐकायचं होतं. आणि इतकं सगळं वाचून, ऐकून, मला माझं असं पहिलं वाक्य सुचत नव्हतं.