पावणेआठ तासांचं विमान

तिकिटांच्या ऑफिसात त्यांना सगळे 'वेळापत्रक' म्हणत. तीस वर्षं एकाच खुर्चीत काढलेली. कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, मधलं अंतर आणि लागणारा वेळ यांना तोंडपाठ. कॉम्प्युटर उघडेपर्यंत यांचं सांगून झालेलं असायचं. स्वतः मात्र जन्मात दोनदाच विमानात बसले, तेही ऑफिसच्या खर्चाने. एकदा पूर्वेकडच्या देशाला निघालेले एक आजोबा म्हणाले, "पायलटला जरा दामटायला सांगा." यांनी त्यांना बसवून घेतलं आणि वारा समजावून सांगितला. पूर्वेला जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. म्हणून तेच पाच हजार नऊशे किलोमीटर जायला सव्वासहा तास, यायला पावणेआठ. आकड्यांशी हुज्जत घालणारी माणसं त्यांना मुळीच खपत नसत.

आणि आता हुज्जत घालायची पाळी त्यांच्यावरच आली होती. थोरली बहीण हॉस्पिटलात होती, हृदय पार थकलेलं. तिची एकुलती एक लेक परदेशात, त्याच पाच हजार नऊशे किलोमीटरवर. तिचं तिकीट यांनीच काढलं. विमान इथल्या घड्याळाने सकाळी सातला सुटलं, पावणेतीनला उतरणार. आठ वाजता डॉक्टरांनी यांना व्हरांड्यात बोलावलं.

"दुपार काढतील असं वाटत नाही."

"पावणेतीनपर्यंत तरी?"

डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा अर्थ कळायला शिक्षण लागत नाही.

ताई पुरती शुद्धीवर होती, आणि तोच घात होता. दर पंधरा मिनिटांनी ती डोळे उघडायची, "कुठवर आली रे?" हे मोबाइलवरच्या नकाशात बघायचे. निळ्या समुद्रावर इवलंसं पिवळं विमान, जागच्या जागी खिळल्यासारखं. ताईचे पाय चोळता येत होते, ओठ ओले करता येत होते. विमान काही ढकलता येत नव्हतं. एवढा हिशेबी माणूस, पण त्याने मनातल्या मनात वाऱ्याला शिव्या घातल्या.

साडेबाराला ताईला धाप लागली. चादर मुठीत आवळून ती कशीबशी तग धरून होती.

नर्स हळूच म्हणाली, "लेकीसाठी जीव ओढून धरलाय हो त्यांनी."

"कुठवर?" ताईने विचारलं.

अजून सतराशे किलोमीटर होते. यांना ते हाल बघवेनात.

"उतरली, ताई. सामान घेतेय."

"नीट आली?"

"अगदी नीट."

"मग बरं झालं," ताई म्हणाली. तिची मूठ सैल पडली. दाराकडे तोंड करून ती पडून राहिली आणि एकला दहा कमी असताना गेली.

पुढचे दोन तास यांनी व्हरांड्यातल्या बाकावर काढले. वर आकाशात ती पोर आईसाठी जीव मुठीत धरून बसली असेल, आणि जमिनीवरच्या कुणालाही तिला काही कळवता येत नव्हतं. आपल्या थापेने ताई सुटली, की आपणच तिला घालवली? नर्सला विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

पावणेतीनला फोन वाजला. विमान मिनिटाचाही उशीर न करता आलं होतं.

"मामा, उतरले. आई जागी आहे ना? तिला सांग ना, मी आलेय म्हणून."

यांनी भिंतीला पाठ टेकली.

"सांगितलंय गं," ते म्हणाले. "तू सावकाश ये."