बाईंनी मांडलेली केस

वर्ग सुरू होण्याआधी बाई पंखा बंद करायच्या. एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा. "माणूस खरं बोलायला लागला की त्याचा आवाज खाली जातो," त्या म्हणायच्या. "तो ऐकायची सवय लागू दे कानांना." आम्ही घाम पुसत बसायचो.

नव्वदच्या दशकात मानसशास्त्राची पदवी घेऊन समुपदेशक म्हणून चिकटलं की शिकणं संपलं, असंच आम्ही धरून चाललो होतो. चूक दाखवणारंही कुणी नसायचं. म्हणून अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या बाईंनी गंगापूर रोडवरच्या आपल्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी आमचा वर्ग सुरू केला. सटाणा, मालेगावकडचे लोक एसटीनं द्वारका चौकात उतरून यायचे.

बरा झालेला पेशंट वर्गात सांगायला बंदी होती. "त्याचं कौतुक घरी सांगा. इथं अडलेलं आणा." सटाण्याचे गांगुर्डे एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, "बाई, पोरगा बोलतच नाय. लय प्रश्न विचारले मी." बाई हसल्या. "मग थोडे कमी विचारा की!"

एका शनिवारी आम्ही गेलो, तर केस मांडणाऱ्याच्या खुर्चीत बाईच बसलेल्या. "आज माझी केस," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या देवळ्याच्या एका तरुण मुलीनं त्याच आठवड्यात जीव दिला होता. शेवटच्या भेटीत ती हसत होती, भरभरून बोलत होती. आम्ही बाईंची समजूत घालू लागलो. त्यांनी हात वर केला.

"समजूत नको. प्रश्न विचारा."

गांगुर्ड्यांनीच विचारलं, "बाई, मरणाचे विचार येतात का, असं त्या दिवशी विचारलं व्हतं तिला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ती बरी होतेय याचा मलाच इतका आनंद झाला होता. तो मोडवेना."

त्यानंतर काही दिवसांनी त्या मला सोबत घेऊन देवळ्याला गेल्या. मुलीची आई ओसरीत कांदे निवडत होती. ती ओरडेल, हाकलून देईल, अशी मला भीती होती. तिनं नुसतं बसायला पोतं टाकलं. "मी चुकले असेन," बाई म्हणाल्या. आई खाली बघत म्हणाली, "घरात कुनी नाव घेत नाय तिचं. तुमी घ्या." मग दोघी त्या मुलीविषयी बोलत राहिल्या. तिला काय आवडायचं, ती कशावर रुसायची.

पेशंट बघणं बाईंनी हळूहळू थांबवलं. वर्ग मात्र सुरू ठेवला आणि देवळ्याला जाणंही. गुडघे धरले होते, तरी जायच्या. मी एकदा विचारलं, "अजून किती दिवस जाणार, बाई?" त्या म्हणाल्या, "ती ये म्हणते तोवर."

पुढं काही वर्षांनी कॅन्सरनं बाई गेल्या. वर्गातल्या सगळ्यांना कळवून झाल्यावर मी देवळ्याला फोन लावला. मुलीची आई म्हणाली, "आता माह्या पोरीचं कोनापाशी बोलू मी?"

रविवारी सकाळी मी देवळ्याची एसटी धरली.